मदत हवी आहे: एकाच गळ्यातून तीन पात्रं कशी काढायची?

नमस्कार मंडळी. सामुदायिक रेडिओवर आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचा विनोदी कार्यक्रम करतो. निवेदक मीच, आणि मध्येच टपकणारी तीन पात्रंही मीच: किरकिरे आजोबा, नाकात बोलणारा साहेब आणि सतत घाईत असलेली काकू.

साहेब सोपा आहे. काकूसाठी आवाज चढवतो, तेही जमतं. घोळ आजोबांचा. तो खरखरीत आवाज मी गळा आवळून काढतो आणि दहा मिनिटांत घसा बसतो. अमेरिकी कार्टूनना आवाज देणाऱ्या मेल ब्लँकसारख्या कसलेल्या कलाकारालाही योसेमिटी सॅम या तापट कार्टून पात्राचा आरडाओरडा घशाला सगळ्यात जड जायचा, हे वाचून जरा धीर आला. पण त्यानं माझा घसा काही सुटत नाही ना!

स्वरतंतूंवर ताण न देता, जीभ मागे घेऊन, जबडा सैल सोडून किंवा ओठांचा आकार बदलून म्हातारपण आणता येतं का? की आवाज तसाच ठेवून फक्त लय मोडायची, वाक्यं अर्धवट सोडायची, धाप दाखवायची? मला दुसरा मार्ग जास्त पटतो, पण मग आजोबा आणि निवेदक सारखेच वाटतील अशी भीती आहे.

आणखी एक. कार्यक्रम थेट असतो, त्यामुळे तुकडे जोडायची सोय नाही. काकू आणि आजोबा भांडायला लागले की दोघांचे आवाज एकमेकांत मिसळतात (एकदा काकू चक्क खोकल्या आजोबांसारख्या). पटकन पात्र बदलायला तुम्ही काय करता? मान वळवणं, हाताची खूण, ठरलेला एखादा शब्द?

नाटक किंवा डबिंग केलेल्यांनी जरूर सांगा.