स्पिटफायरवाल्या मिचेलने 1934 ला दुपंखी फ्लाइंग बोट का बनवली?

निनाद_डोंबिवली
नमस्कार मंडळी. बहिणीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा हेन्डनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये सुपरमरीन कंपनीचं स्ट्रॅनरेर बघितलं, म्हणजे पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी फ्लाइंग बोट. प्रचंड धूड आहे, खाली बोट, वर एकावर एक दोन पंख, मधे नुसत्या काठ्या आणि तारा. याचं पहिलं उड्डाण जुलै 1934 चं आणि डिझायनर रेजिनाल्ड मिचेल, म्हणजे ज्याचं स्पिटफायर मार्च 1936 मध्ये उडालं तोच माणूस. त्याच्याच एकपंखी एस-6बी ने 1931 ला समुद्री विमानांच्या शर्यतीची श्नायडर ट्रॉफी कायमची ब्रिटनला मिळवून दिली होती. मग ज्याला एकपंखी विमान इतकं जमत होतं त्याने आरएएफसाठी अजून बायप्लेनच का करावं? पैसे नव्हते, की हवाई मंत्रालय जुन्या विचारांचं होतं, की खरंच काही तांत्रिक कारण होतं? कोणी नीट सांगेल का?

तांडेल
निनाद, पैसा हे कारण होतंच पण माझ्या मते खरं कारण पाणी. जमिनीवरून उडणाऱ्या विमानाला फक्त हवेशी झगडायचं असतं, याला आधी पाण्यातून सुटायचं असतं. ओल्या ओट्यावर ताटली चिकटून बसते ना, तसा हलचा, म्हणजे विमानाच्या बोटीसारख्या धडाचा, तळ पाण्याला धरून बसतो. म्हणून तळाला आडवी पायरी ठेवतात, तिला स्टेप म्हणतात, तिच्या मागे हवा शिरली की ती पकड सुटते आणि विमान पाण्यावरून घसरायला लागतं. पण तिथपर्यंत पोचायलाच इंजिनांचा जीव जातो. 1925 च्या सुपरमरीन साउथॅम्प्टनला नेपियर लायनची दोन इंजिनं, प्रत्येकी साधारण 500 हॉर्सपॉवर, आणि त्यात पाच माणसं, तासन्‌तास पुरेल इतकं इंधन, मशिनगन, बॉम्ब. एवढं वजन कमी वेगाला उचलायचं तर पंखाचं क्षेत्रफळ भरपूर पाहिजे, आणि तेवढा मोठा एकच पंख त्या काळात बनवला तर तो मजबूत करता करता जड होऊन बसतो, उलट दोन पंख काठ्या आणि तारांनी एकमेकांना बांधले की हलका आणि कडक सांगाडा मिळतो.

दुसरं म्हणजे दोन पंखांच्या मधे इंजिनं उंचावर बसवता येतात. लाटांचं पाणी फिरत्या प्रोपेलरवर सतत आदळलं तर पाती खराब होतात, त्यामुळे इंजिनं वर ठेवणं ही गरजच होती. आणि वेग तरी कोणाला हवा होता? काम गस्तीचं, लांब जायचं आणि खवळलेल्या समुद्रातही टिकायचं. साउथॅम्प्टनचा जास्तीत जास्त वेग ताशी 95 मैलांच्या आसपास होता आणि तरी ते दहा वर्षं आरएएफचं भरवशाचं विमान राहिलं.

अपर्णा_के
तांडेलदादांशी सहमत, पण सगळे पंखांकडेच बघतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण दोन महायुद्धांमधल्या त्या वीस वर्षांतली खरी प्रगती खाली हलमध्ये झाली. पहिल्या महायुद्धातून आलेलं फेलिक्सस्टो एफ-5 लाकडी हलचं, साउथॅम्प्टनचं पहिलं मॉडेलही लाकडीच. सुपरमरीनचा कारखाना साउथॅम्प्टन शहरात वूलस्टनला इचन नदीच्या काठावर, तिथे काम चालायचं ते बोटी बांधणाऱ्या सुतारांच्या पद्धतीनं. त्या हलमध्ये सुमारे 400 पौंड पाणी मुरायचं! म्हणजे चार-पाच माणसांचं वजन नुसतं मुरलेल्या पाण्याचं. मार्क 2 ला ड्युरॅल्युमिनचा (ॲल्युमिनियमच्या मजबूत मिश्रधातूचा) हल आला तो मुळात 500 पौंडांनी हलका आणि वर पाणी मुरायचा प्रश्न नाही, एकूण 900 पौंड वाचले आणि पल्ला जवळपास 200 मैलांनी वाढला. पंख, इंजिनं तीच. एका हलमुळे एवढा फरक.

आणि याच्या मागे शॉर्ट या विमान कंपनीच्या ऑस्वल्ड शॉर्टचा हट्ट होता हे लिहिलंच पाहिजे. त्याने 1920 लाच सिल्व्हर स्ट्रीक नावाचं धातूचं विमान प्रदर्शनात मांडलं होतं, मंत्रालयाला धातूवर विश्वास नव्हता, कंपनीला पोट भरायला बसच्या बॉड्या बांधाव्या लागल्या. शेवटी एफ-5 चेच पंख घेऊन त्याखाली धातूचा हल बसवून जानेवारी 1925 मध्ये रोचेस्टरला उडवून दाखवलं, तेव्हा कुठे लोकांना पटलं.

निनाद, साउथॅम्प्टनचा एक लाकडी हल हेन्डनलाच जपलेला आहे. बरीच वर्षं तो हाउसबोट म्हणून वापरला गेला म्हणून वाचला. परत गेलास तर अजिबात चुकवू नकोस.

जुना_फिटर
मी नोकरीभर पत्रा आणि रिव्हेटमध्ये काम केलं त्यामुळे एक भर घालतो. ड्युरॅल्युमिन हलकं खरं पण खाऱ्या पाण्याने ते खाल्लं जातं, पांढरी पूड धरते. त्यावर 1923 मध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक ॲसिडमध्ये ॲनोडायझिंग करायची, म्हणजे विजेच्या मदतीने धातूवर संरक्षक थर चढवायची, पद्धत काढली आणि ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती समुद्री विमानांच्या भागांसाठीच. आज खिडकीच्या फ्रेमपासून मोबाइलपर्यंत ॲनोडायझिंग दिसतं. ते नसतं तर धातूचे हल इतकी वर्षं पाण्यात उभे राहूच शकले नसते.

याची मोठी परीक्षा म्हणजे फार ईस्ट फ्लाइट. ऑक्टोबर 1927 मध्ये ग्रुप कॅप्टन केव्ह-ब्राउन-केव्ह यांच्या हाताखाली धातूच्या हलची चार साउथॅम्प्टन इंग्लंडहून निघाली, भूमध्य समुद्र, इराक, कराची, आपली मुंबई, कोलंबो असं करत फेब्रुवारी 1928 च्या शेवटी सिंगापूर, मग ऑस्ट्रेलियाला पूर्ण वळसा, हाँगकाँग, आणि डिसेंबरमध्ये परत सिंगापूर. सुमारे 27,000 मैल, चारही विमानं शाबूत. मुंबईच्या बंदरात ही चार उतरलेली ज्यांनी बघितली असतील त्यांचा मला हेवा वाटतो. पुढे याच तुकडीची सिंगापूरच्या सेलेटार तळावर 205 स्क्वाड्रन झाली.

निनाद_डोंबिवली
अपर्णाताई, फिटरकाका, खूप आभार, ॲनोडायझिंगचं तर डोक्यातही नव्हतं. पण मग एकपंखी फ्लाइंग बोट कोणी करून बघितलीच नाही का? की सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं की जमणार नाही?

वायुपुत्र
बघितली ना, आणि तुझ्या स्ट्रॅनरेरच्याच स्पर्धेत! मंत्रालयाचं आर-24/31 स्पेसिफिकेशन होतं, त्यासाठी सॉन्डर्स-रो कंपनीने लंडन नावाचं विमान बनवलं, सुपरमरीनने स्ट्रॅनरेर, दोन्ही बायप्लेन, आणि शॉर्टने नकलडस्टर, ते एकपंखी. पंख खांद्यापाशी वर उचललेला, म्हणजे इंजिनं पाण्यापासून लांब राहतात, कल्पना झकास होती. पण इंजिनं घातली रोल्स-रॉइस गॉसहॉक, ज्यात पाणी उकळू देऊन वाफ परत थंड करायची पद्धत होती, ती इंजिनं कधी धड चाललीच नाहीत, शेपटीनेही त्रास दिला. नोव्हेंबर 1933 ला उडालं आणि एकच बनलं. दुसरीकडे स्ट्रॅनरेर ताशी 165 मैलांपर्यंत जायचं, म्हणजे साउथॅम्प्टनपेक्षा कितीतरी पुढे. मग समोर जे चालतंय तेच घेणार ना.

पण तांडेल, सगळं पाण्यावर ढकलणं मला पटत नाही. मंत्रालयाच्या ऑर्डरी बघा, साउथॅम्प्टन सुमारे 80, शॉर्टचं सिंगापूर मार्क 3 हे विमान फक्त 37, ब्लॅकबर्न कंपनीचं पर्थ तर 4. चार विमानांसाठी कोणता कारखाना नवी यंत्रं आणून एकपंखी विमानावर संशोधन करेल? चार-सहाच्या ऑर्डरीत माणूस मागचंच डिझाइन सुधारत राहतो. स्ट्रॅनरेरचं सुरुवातीचं नावच साउथॅम्प्टन मार्क 5 होतं.

तांडेल
ऑर्डरींचा मुद्दा मान्य. पण नुसती मोठी ऑर्डर देऊनही 1931 ला शॉर्टचं एकपंखी संडरलँड झालं नसतं. ते ऑक्टोबर 1937 ला उडालं तेव्हा ब्रिस्टल पेगॅसस इंजिनं होती, आणि आर्थर गूजचे फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली सरकणारे भाग) होते ज्यामुळे छोट्या एकाच पंखावरही कमी वेगाने पाण्यावर उतरता आलं. उंच हल करून त्याच्या माथ्यावर पंख ठेवला, पाण्याचाही प्रश्न सुटला. या गोष्टी एकत्र यायला वेळ लागला आणि तोवर 1935 नंतर हवाई दल वाढवायची घाई, म्हणून सिंगापूर मार्क 3 हातात दिली गेली. त्यातली चार 1941 ला न्यूझीलंडला गेली. आणि स्ट्रॅनरेर ब्रिटनमध्ये बनली 17, पण कॅनडात मॉन्ट्रियलला कॅनेडियन व्हिकर्सने 40 बनवली, युद्ध सुरू झाल्यावरसुद्धा. हेन्डनला तू बघितलंस ते त्या कॅनडातल्यांपैकीच एक आहे.