हल्ली सगळ्या पोरांची नावं एकसारखीच का वाटतात? (बारसं तोंडावर आलंय)

कडोलीची_सून:
नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव तालुक्यातले, पहिला मुलगा झालाय, रविवारी बारसं आहे आणि घरात नावावरून रोज सभा भरतेय. ह्यांच्या आजोबांचं नाव मल्लाप्पा, सासूबाई म्हणतात आजोबाच परत आलेत तर तेच नाव ठेवा, निदान म वरून तरी ठेवा. ननंदेनं मोबाईलमधून भलीमोठी यादी काढून आणलीय, विहान, रेयांश, कियान, आरव, शिवांश, वाचून वाचून डोकं भणाणलं. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत तीन शिवांश आहेत, बाई त्यांना टेलरचा शिवांश, टाकीजवळचा शिवांश आणि बारका शिवांश अशी हाक मारतात. म्हणजे वेगळं नाव पाहिजे म्हणून ठेवलं आणि शेवटी टेलरचा म्हणूनच ओळखायची वेळ आली. मला एवढंच विचारायचंय की ही फॅशन येते कुठनं? सिनेमा, क्रिकेट, पंचांग का नुसतं गुगल? आणि जमलं तर म वरून चार बरी नावं सुचवा.

खानापूरचे_गुरुजी:
अभिनंदन ताई. मी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, सगळी नोकरी खानापूर तालुक्यातच गेली, त्यामुळं हजेरीच्या कॅटलॉगवरनं सांगतो. सुरुवातीला वर्गात कल्लाप्पा, यल्लाप्पा, भरमाण्णा, परशराम, रवळू, मारुती, आणि पोरींत रेणुका, लक्ष्मी, शांता, मालू. हे सगळे आसपासच्या देवांचे. सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजे रेणुका, म्हणून तिचा पोरगा परशराम, कलमेश्वराचा कल्लाप्पा, ब्रह्मलिंगाचा भरमाण्णा, रवळनाथाचा रवळू. ज्या देवाला नवस बोलला त्याचं नाव, संपला विषय. आधीची पोरं जगली नाहीत की दगडू, धोंडू, केरबा, मसणू असं मुद्दाम ओबडधोबड ठेवायचे, दृष्ट लागू नये आणि यमानं ढुंकून बघू नये म्हणून. आणि मुलीवर मुली झाल्या की नकुशी. सातारा जिल्ह्यात 2011 साली असल्या अडीचशेवर मुलींची नावं सरकारी कार्यक्रम करून बदलली, तेव्हा पेपरात बरंच आलं होतं.

मग एकदम संतोष, महेश, विनायक, सचिन, राहुल यांची लाट आली. सचिन तेंडुलकर 1989 ला पाकिस्तानात पहिली टेस्ट खेळला, त्याच्यानंतर पाचसहा वर्षांनी पहिलीत येणाऱ्या पोरांत बघा. गंमत म्हणजे त्याचं स्वतःचं नाव संगीतकार सचिनदेव बर्मनवरनं ठेवलेलं, म्हणजे एका नावाची नाळ बंगालमधनं मुंबईत आणि तिथनं आमच्या जांबोटीच्या जंगलात. 1994 ला ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली, पुढं वर्गात ऐश्वर्याच ऐश्वर्या. 2000 ला हृतिक आला, मग ऋत्विक, ऋतिक, ऋतुजा.

पण सगळं श्रेय नटांना देऊ नका. अमिताभएवढा मोठा हिरो झाला नाही, तरी माझ्या कॅटलॉगात अमिताभ एक पण नाही. तो पडद्यावर सारखा विजय असायचा, ते विजय मात्र ढिगानं. कारण विजय लोकांच्या तोंडात आधीपासनं बसलेलं होतं. माझं म्हणणं असं की नट, खेळाडू नाव आणत नाही, आधीच वर यायला लागलेल्या नावाला ढकलतो. लोकांना ओळखीचं वाटणारं पण शेजाऱ्याकडं नसलेलं असं नाव पाहिजे असतं, आणि सगळ्यांना एकाच वेळी तेच पाहिजे असतं, त्यातनं हे तीन शिवांश होतात.

शहापूरवाला:
गुरुजी एकदम बरोबर. पंचांगाचं मी सांगतो, आमच्या घरात भिक्षुकी चालते. लोक म्हणतात अक्षर निघालं म्हणून नाव ठेवलं, पण चंद्र महिन्याभरात सत्तावीस नक्षत्रं फिरून येतो आणि प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे 108 अक्षरं जवळपास सारखीच वाटली जातात. मग सगळ्यांना व आणि अ च कसा निघतो? आर्द्राचे चरण आहेत कु, घ, ङ, छ. आर्द्रावर पण पोरं होतातच की, ती कुठं गेली? छ चा छगन कुणाला नको, ङ वरून तर नावच नाही. मग लोक काय करतात, पत्रिकेतलं नाव एक आणि हाक मारायचं दुसरं. किंवा आमच्याकडंच येऊन म्हणतात, भटजी जरा बघा की ओ, र बसतंय का. बसवतो. दक्षिणा कुणाला सोडवतीय. रोहिणी निघालं की मात्र आनंद, कारण त्यात ओ, वा, वी, वू, ओवी काय विहान काय सगळं बसतं. तेव्हा फॅशन आधी आणि पंचांग मागनं.

निप्पाणीकर_भाऊ:
आमच्या निपाणी चिक्कोडी भागात वेगळाच प्रकार होता, इथं पाळण्यातच साहेब करायचे. अण्णासाहेब, आप्पासाहेब, रावसाहेब, भाऊसाहेब, बाळासाहेब, ही टोपणनावं न्हवं, दाखल्यावरची खरी नावं. माझ्या वडलांच्या पिढीत एका घरात चार भाऊ आणि चारी साहेब, शेतात पाणी पाजायला कोणता साहेब गेलाय म्हणून विचारायला लागायचं. आमच्या जैन घरात त्याच्याबरोबर भरतेश, बाहुबली, आदिनाथ, पद्मावती. आता साहेब पार गेले, बाहुबली नाव पण नवीन पोरांत दिसत नाही, उलट 2015 ला तो पिक्चर आला तेव्हा आमच्या चुलत्याला सगळे चिडवायला लागले, बिचाऱ्याचं नाव जन्मापासनं तेच. सिनेमामुळं नाव वाढतं तसं कमी पण होतं हे लक्षात घ्या. आता नातवंडं जिनांश, आरुष, अन्वी. माझ्या आईला आरुष म्हणता येत नाही, ती आरूस म्हणते आणि सून दरवेळी दुरुस्त करते.

पुण्यात_बेळगावी:
अमेरिकेत सरकार दरवर्षी नावांची यादी काढतं, 1880 पासूनचा डेटा नेटवर बघायला मिळतो, मी आयटीत असल्यानं टाइमपास म्हणून बघत बसतो. तिथं मुलींत 1880 पासून 1946 पर्यंत दरवर्षी मेरीच पहिली, पासष्टच्या वर वर्षं एकच नाव, आणि तेव्हा पहिल्या नंबरच्या नावाची पोरं पण भरपूर असायची, आत्ता पहिल्या नंबरचं नाव सुद्धा शंभरात एकाच्या आसपासच मिळतं. म्हणजे तिकडं नावं खरोखर वेगवेगळी झालीत. तरीपण ऐकायला सारखी वाटतात कारण आवाज सारखा, तिकडं एडन, जेडन, ब्रेडन, हेडन असं एकदम आलं होतं. आपलं पण तसंच आहे ताई. विहान, रेहान, कियान, अयान, किंवा शिवांश, रेयांश, दिव्यांश, वेदांश. नावं चार आहेत पण शेपूट एकच. पूर्वी पण तेच होतं की, कल्लाप्पा, मल्लाप्पा, यल्लाप्पा, नागाप्पा, बाळाप्पा, फक्त ते आपल्या कानाला सवयीचं म्हणून खटकत न्हवतं.

वडगावचा_मावळा:
शिवांश बिवांश सोडा, आपल्याकडं खरी लाट महाराजांची आहे. बेळगावात शिवजयंती वैशाखात तिथीनं होते, रात्रभर चित्ररथ फिरतात, त्यात जिवंत देखाव्यात आपल्याच गल्लीतली पोरं शंभूराजे, जिजाऊ, येसूबाई होऊन उभी राहतात. त्या वातावरणात वाढलेला पोरगा बाप झाला की नाव काय ठेवणार? शंभू, शिवराज, स्वराज, राजवीर, पोरीला जिजा नाहीतर येसू. 2025 च्या फेब्रुवारीत छावा आला तेव्हा तर विचारूच नका. पण मी सांगतो, पुण्याकोल्हापुरात हे फॅशन म्हणून असेल, इथं त्यात सीमाभागाची अस्मिता पण आहे. 1956 पासून भांडतोय आपण, बोर्डावर मराठी नाही, निदान पोराच्या नावात असू दे.

मल्लिकार्जुन_गल्ली:
मी कन्नड घरचा, मराठी गल्लीत वाढलो, चूक भूल माफ करा. दादा म्हणतात ते खरंय पण आमच्याकडं पण सेमच. आमच्या घरी बसवराज, ईरण्णा, शिवप्पा, आता सगळे अद्विक, विहान, अन्विता. आजोबाचं नाव मल्लाप्पा तुमच्यात पण आणि आमच्यात पण, शाळेत हजेरीवरनं मराठी कोण कन्नड कोण आडनाव वाचल्याशिवाय कळायचं नाही. आता पण कळत नाही, विहान पाटील म्हटलं की सांगा बघू कुठला. माझ्या बायकोचं म्हणणं एकच होतं, नाव दोन्ही आज्यांना म्हणता आलं पाहिजे आणि इंग्लिश मिडीयमच्या मिसला पण. तेवढ्या चाळणीतनं गाळल्यावर उरतात पंधरावीस संस्कृत नावं, तीच सगळे ठेवतात.

कडोलीची_सून:
अय्यो, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. शेपटीचं वाचून ह्यांना दाखवलं, हे म्हणाले मग प्पा चं शेपूट परत आणूया, मी म्हटलं तुम्ही स्वतः निलेश झालात ते आधी बघा. म वरनं कुणीच सुचवलं नाही पण.

खानापूरचे_गुरुजी:
मल्हार ठेवा की. मल्लाप्पा म्हणजे मल्लय्या, आपला खंडोबाच, आणि मल्हार पण तोच. आजोबा पण राहिले, देव पण राहिला आणि ननंद पण नाक मुरडणार नाही. हा प्रकार मी अलीकडं बऱ्याच घरात बघितलाय, पहिलं अक्षर नाहीतर देव धरून ठेवायचा आणि बाकीचं नवीन करायचं, परशरामाचा पार्थ, यल्लाप्पाचा यश, कल्लाप्पाचा कल्पेश. कल्पेश मला फारसं आवडत नाही ते सोडा. दुसरं मयूरेश, मिहीर, मंदार, माधव. माधव जुनं वाटेल पण जुनी नावं दोन पिढ्यांनी परत गोड लागतात, राघव, केशव परत आलेत, आजोबाचं नाव म्हातारं वाटतं, पणजोबाचं वाटत नाही.

सेवा_केंद्र_खानापूर:
नाव काहीही ठेवा, मी फॉर्म भरतो म्हणून स्पेलिंगचं सांगतो, नंतर रडत येतात सगळे. आपला जन्मदाखला कन्नड आणि इंग्रजीत येतो. तुम्ही मराठीत उच्चार सांगणार, समोरचा कन्नडमध्ये टाईप करणार, आणि कन्नडमध्ये शेवटच्या अक्षराला हलंत दिला नाही तर मल्हार चं वाचताना मल्हारा होतं. ज्ञ असलेलं नाव शक्यतो टाळा, महाराष्ट्रात ज्ञानेश्वर डी एन वाय ए नं सुरू होतो आणि आपल्याकडं जे एन ए नं, उद्या पोरगं कोल्हापूरला शिकायला गेलं की दोन कागदांवर दोन स्पेलिंग. ह्या घोळामुळंच बरेच जण हल्ली सोपी दोनतीन अक्षरी नावं मागतात, फॅशनचं कारण हे पण आहे, कुणी बोलत नाही एवढंच.

जन्माची नोंद 21 दिवसात करून घ्या. नाव ठरलं नसेल तर रिकामं सोडलं तरी चालतं, बारा महिन्याच्या आत फी न भरता घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून. पण 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट, लायसन्स सगळीकडं हाच दाखला मुख्य धरतात, त्यामुळं घाई नको आणि चूक तर अजिबात नको.

कडोलीची_सून:
दादा, आमचं नाव अजून घातलंच नाही, नोंद दवाखान्यातनं झालीय. मल्हारवर सासूबाई तयार आहेत, ननंद म्हणतेय कानात कुर्र करून सांगायचा मान माझा आहे, मी काय सांगेन ते सांगेन. इंग्रजीत एम नंतर ए एकच घालायचा का दोन?

सेवा_केंद्र_खानापूर:
एकच. एम ए एल एच ए ए आर लिहा, दुसऱ्या ठिकाणी डबल ए. आणि तिकडच्या ऑपरेटरला कन्नडमध्ये कसं टाईप केलंय ते प्रिंट काढायच्या आधी स्क्रीनवर दाखवायला सांगा, कन्नड वाचणारं कोणीतरी बरोबर घेऊन जावा.