पूर्व तिमोर: फौजेच्या पुढचंही बघा
‘ऑस्ट्रेलियाच्या फौजेमुळे पूर्व तिमोर स्वतंत्र झाला’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. ३० ऑगस्ट १९९९ ला, धमक्यांना न जुमानता, इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पूर्व तिमोरमधल्या सार्वमतात ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियातली स्वायत्तता नाकारली, म्हणजेच स्वातंत्र्य निवडलं. फौज उतरली २० सप्टेंबरला; तोवर मिलिशियांनी, म्हणजे इंडोनेशियाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, राजधानी जाळून टाकली होती.

शिवाय याच ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये इंडोनेशियाशी करार करून तिमोरच्या समुद्रातलं तेल वाटून घेतलं होतं. मार्च २००२ मध्ये, तिमोरच्या स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, सागरी सीमेचे वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची वाटही त्यांनी बंद केली. खरी मेख इथे आहे. दोन्ही देशांच्या किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची मध्यरेषा सीमा धरली, तर बरंचसं तेल आणि वायू तिमोरच्या पदरात पडतं. इतक्या गरीब, नवख्या देशाशी असं वागणं मला अक्षम्य वाटतं. तिमोरने मात्र चिकाटी सोडली नाही. सागरी कायद्याच्या करारात सक्तीच्या सलोख्याची (दुसऱ्या देशाला त्रयस्थ आयोगापुढे बोलणीला यावंच लागतं) तरतूद आहे, ती त्यांनी २०१६ मध्ये वापरली आणि २०१८ मध्ये सीमा ठरली, बहुतांशी मध्यरेषेवरच. ग्रेटर सनराइज या समुद्रातल्या साठ्याचा वायू पाइपलाइनने तिमोरला नेला तर महसुलाचा ७० टक्के वाटा तिमोरचा, ऑस्ट्रेलियाला नेला तर तिमोरचाच वाटा ८० टक्के.