कार्गो की रिजनल: विश्रांतीचाही हिशेब धरा

नव्या पायलटने पहिली नोकरी कार्गोत (मालवाहू विमानांवर) धरावी की रिजनलमध्ये (जवळच्या मार्गांवरच्या छोट्या प्रवासी विमान कंपनीत), या चर्चेत 'कार्गोत प्रवासी नाहीत, म्हणजे डोक्याला ताप कमी' असा मुद्दा येतो; तो मला पटत नाही. अमेरिकेत २००९मध्ये बफेलोजवळ झालेल्या प्रवासी विमानाच्या अपघातानंतर पायलटच्या विश्रांतीचे नियम कडक झाले आणि जानेवारी २०१४मध्ये लागू झाले, पण ते प्रवासी कंपन्यांपुरतेच. ड्यूटीआधी सलग १० तास विश्रांती, त्यात ८ तास झोपेला सवड, हे रिजनलच्या पायलटला कायद्याने मिळतं. कार्गो कंपन्या त्यातून वगळल्यात, आणि रात्रीचं काम जास्त त्यांच्याकडेच! पगाराआधी हे बघा, अगदी कळकळीने सांगतोय.

शिवाय सुरुवातीचं कार्गो म्हणजे मोठं जेट नव्हे, बरेचदा सेसना कॅरॅव्हॅन. एक इंजिन, एक पायलट. प्रवासी नसल्याने ऑटोपायलटचीही सक्ती नाही. पहाटे तीनला ढगात पंखाखालच्या दांड्यावर बर्फ साचू लागतो, तेव्हा रेडिओ, उपकरणं, मागे फिरायचं की नाही, सगळं एकट्याकडे. हात तयार होतो यात शंका नाही. तरी पहिल्या वर्षी शेजारी अनुभवी कॅप्टन असणं मला जास्त मोलाचं वाटतं. रिजनलला साधारणपणे उड्डाणाचे १५०० तास लागतात, एकट्याने आयएफआर (बाहेर न बघता, उपकरणांच्या आधारे) कार्गो उडवायला १२०० पुरतात. मधल्या ३०० तासांसाठी कुणी तिकडे गेलं तर ते मात्र समजू शकतो.