भारताला हवामान कायदा हवा का?

कोरडवाहू: 23 जुलै 2025 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की हवामान सांभाळणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. हे सुरू केलं कोणी? 2019 मध्ये वानुआतू या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशात कायदा शिकणाऱ्या 27 विद्यार्थ्यांनी. आपल्याकडे 2017 मध्ये उत्तराखंडची 9 वर्षांची मुलगी सरकार हवामानासाठी पुरेसं करत नाही म्हणून हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात गेली. 2019 मध्ये निकाल: पर्यावरण मंजुरी देताना पॅरिस कराराचा (तापमानवाढ रोखायच्या जागतिक कराराचा) विचार होत नाही, असं मानायला कारण नाही. म्हणजे 'होत असेल की'! ब्रिटननं 2008 साली कायदा केला, दर पाच वर्षांचं कार्बन बजेट, म्हणजे उत्सर्जनाची कमाल मर्यादा ठरवली. 2024 मध्ये तिथल्या कोर्टानं सरकारचा आराखडाच बेकायदा ठरवला. आपल्याकडे जाब विचारायचा तर कुठल्या कलमाखाली?

हिशेबी: विचारायचाच कशाला? आपलं दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. श्रीमंत देश 2009 ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत म्हणाले, विकसनशील देशांसाठी 2020 पासून वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू. आकडा गाठला 2022 ला, त्यातही बरंचसं कर्जच. 2024 ला बाकूच्या परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला मागितले 1.3 लाख कोटी डॉलर, कबूल केले 300 अब्ज, तेही 2035 पर्यंत. आपल्या प्रतिनिधींना बोलू द्यायच्या आत हातोडा आपटून ठराव मंजूर! आणि वीजक्षमतेत निम्मा वाटा बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) करायचं 2030 चं लक्ष्य आपण 2025 लाच गाठलं, कायद्याशिवाय. हौसेनं बेडी कोण घालून घेतं?

बागायतदार_निफाड: बाकू-बिकू राहू द्या. द्राक्षाच्या उन्हाळी, म्हणजे खरड छाटणीनंतर काडीला ऊन मिळालं तरच तिच्यात घड धरतो. 2025 ला मेमध्येच पाऊस लागला, हटेचना. ऑक्टोबरात छाटणी केली, बाग फुटली हिरवीगार, आणि घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचे तंतू. मेमधला पाऊस विम्याच्या तारखांत बसत नाही, असं उत्तर मिळालं. तुमच्या कायद्यात या तारखा कोण बदलणार, एवढं सांगा.

हिशेबी: दादा, हेच म्हणतोय. पैसा तुमच्या बागेत यायला हवा, वकिलांच्या घरात नको. हवामानासाठी शुक्रवारी पाट्या घेऊन फिरणाऱ्या पोरांना खरड छाटणी तरी माहितेय का?

आई_ठाणे: माझी लेक होती त्यात. फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर रात्रभर अक्षरं रंगवली, स्टेशनला पोचेपर्यंत पावसानं शाई ओघळली. खरड छाटणी नाही माहीत तिला. पण ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईतल्या आरेची झाडतोड सुप्रीम कोर्टानं थांबवली ती कायद्याच्या विद्यार्थ्याच्या पत्रावरूनच ना? तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती, तो भाग वेगळा.

माळरान: वेगळा कसा, तोच तर मुद्दा! कोर्ट पोचतं तेव्हा कुऱ्हाड चालून गेलेली असते. मी सोलापूरचा, नान्नजच्या माळावर माळढोक शोधण्यात सुट्ट्या गेल्या. त्याच पक्ष्याच्या खटल्यात मार्च 2024 ला सुप्रीम कोर्टानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केला. टाळ्या वाजल्या. पण त्याच निकालात राजस्थान-गुजरातेतल्या, माळढोक ज्यांना धडकून मरतो त्या विजेच्या तारा जमिनीखाली घालायचा आधीचा सरसकट आदेश मागे घेतला, सौरऊर्जेला अडचण नको म्हणून. हक्क माणसाला, तारा माळढोकाच्या वाटेत. या विषयावर आपल्याकडे एकच सर्वंकष कायदा नाही, हेही कोर्टानंच नोंदवलंय.

हिशेबी: मग असा कायदा करा ज्यात उत्सर्जनाची बेडी नाही, फक्त नुकसानीची जबाबदारी आहे. त्याला माझी ना नाही.

कोरडवाहू: आणि कोळसा?

बागायतदार_निफाड: आधी तारखा.