लाळेवर आयुष्य घालवलेला माणूस

कोणीतरी लिहिलंय की लाळ म्हणजे नुसतं पाणी, घास ओला करायला. तसं नाहीये हो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत आयर्विन मँडेल म्हणून डेंटिस्ट होते, २०११ मध्ये गेले, त्यांनी उभं करिअर या लाळेवर काढलं. रक्ताचा थाट किंवा अश्रूंची भावनिक ओढ लाळेला नाही, अशा अर्थाचं ते लिहून गेलेत आणि तरीही तिच्यामागेच लागले. १९८५ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने संशोधनासाठी गोल्ड मेडल दिलं त्यांना, पहिलंच.

आता लाळ करते काय, तर आपण गोड खाल्लं की तोंडातले जंतू ॲसिड बनवतात, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं, मग लाळेतलं बायकार्बोनेट ते ॲसिड मारतं आणि कॅल्शियम-फॉस्फेट दाताला परत भरून देतं, या सगळ्याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. म्हणून दिवसभर थोडं थोडं गोड चघळणं जास्त वाईट. झोपेत तर लाळ जवळजवळ बंदच होते त्यामुळे रात्रीचं ब्रश चुकवू नका प्लीज.

माझ्या वडलांना घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन दिलं, त्यानंतर तोंड इतकं कोरडं पडलं की भाकरीचा तुकडा पाण्याशिवाय उतरेना, दोन वर्षांत धडधाकट दात किडले. आधी कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरी कोणाचं रेडिएशन ठरलं असेल तर सुरू होण्याआधी डेंटिस्टला दाखवा, दात किडू नयेत म्हणून देतात त्या फ्लोराइडचं विचारा.