मदत हवी आहे: सरप्राइझ्ड, अमेझ्ड, अस्टॉनिश्ड, स्टन्ड... कुठे कुठला?

मंडळी, एका मराठी कथेचा इंग्रजी अनुवाद करतोय आणि आश्चर्यापाशी अडलोय. कथेत एकजण दार वाजल्यावर दचकतो, दुसरा मृत्युपत्र ऐकून थक्क होतो, तिसरीला नुसतंच नवल वाटतं. शब्दकोश उघडावा, तर प्रत्येक शब्दाच्या अर्थात बाकीचे शब्द!

दचकण्याला 'स्टार्टल्ड' ठरलंय, कारण त्यात आधी अंग हलतं आणि मग डोकं चालतं. 'शॉक्ड' बहुधा वाईट किंवा न पटणाऱ्या गोष्टीला, हेही कळतं. बाकीच्यांत फरक फक्त तीव्रतेचा का? आणि 'व्हेरी सरप्राइझ्ड' चालतं, मग 'व्हेरी अस्टॉनिश्ड' का खटकतं?

प्रतिसाद:
'व्हेरी'चं आधी. सरप्राइझ्ड थोडं असतं, बरंच असतं, फार असतं. अस्टॉनिश्डमध्ये 'फार' आधीच आलं, म्हणून तिथे 'ॲब्सोल्यूटली' तरी लावा नाहीतर काहीच नको. (आपण 'थोडासा थक्क झालो' म्हणतो का?)

अस्टॉनिश्ड, अस्टाउंडेड आणि स्टन्ड या तिघांचं मूळ लॅटिनमधल्या गडगडाटाच्या क्रियापदात आहे. वीज कोसळल्यावर यावा तसा बधिरपणा स्टन्डमध्ये आजही शिल्लक आहे, बातमी चांगली असो वा वाईट. अस्टॉनिश्डमध्ये 'हे शक्यच कसं?' हा भाव जास्त. अमेझ्डचा अर्थ पूर्वी गोंधळून जाणं असा होता, 'मेझ' म्हणजे भूलभुलैया त्याच घरातला. आता तो कौतुकाकडे झुकलाय. 'अमेझिंग' तर बोलून बोलून इतकं झिजलंय, की त्याचा अर्थ नुसता 'मस्त' उरलाय.

आणखी एक प्रतिसाद:
नवल वाटणाऱ्या बाईंच्या तोंडी 'आय ॲम सरप्राइझ्ड ॲट यू' घालू नका. ते नवल नव्हे, 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती' असा टोमणा आहे. 'फ्लॅबरगास्टेड'चाही मोह टाळा. १७७२ मध्ये तो छापील मजकुरात दिसतो तोच नव्या फॅशनचा शब्द म्हणून, आणि आजही त्याचा सूर गमतीचाच. मृत्युपत्राच्या प्रसंगात तो विनोदी वाटेल.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. मृत्युपत्रात सगळी इस्टेट भलत्याच माणसाला गेली आहे. मग अस्टॉनिश्ड की स्टन्ड?

प्रतिसाद:
पुढच्या वाक्यात तो लगेच काही बोलतो का? तावातावाने प्रश्न विचारत असेल तर अस्टॉनिश्ड. कागदाकडे बघत बसून राहत असेल तर स्टन्ड.